सही बारीक होण्याआधी

पार्किन्सन म्हणजे कंपवात म्हटलं की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो. बँकेत मात्र घोडं भलतीकडेच अडतं. अक्षर आक्रसत जातं. सहीचं पहिलं अक्षर ठसठशीत, शेवटचं मुंगीएवढं. चेक ‘सही जुळत नाही’ म्हणून परत. समज शाबूत असते, पण कागदाला ते कळत नाही. पुढे काही रुग्णांना विसर पडू लागतो, भास होतात, काहींना स्मृतिभ्रंशही गाठतो. म्हणजे बहुधा सही आधी जाते आणि समज, गेलीच तर, नंतर. कागदपत्रं त्याच क्रमाने उरकावीत.

सुरुवात बँकेपासून. लेवोडोपाची गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एक तासात अंग मोकळं होतं. सह्यांची कामं त्या वेळेत बसवा. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून एसटीने यायचं असेल तर आदल्या दिवशीच शाखेत फोन करून वेळ ठरवा. बँकेसाठी गोळीची वेळ मात्र हलवू नका. नव्या, बारीक सहीचा नमुना खात्यावर नोंदवून घ्या. खातं आणि मुदतठेवी दोन्ही पती-पत्नीच्या किंवा एखाद्या मुलाच्या जोडनावाने करून ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ची सूचना द्या. ठेव मुदतीआधी मोडायची परवानगीही त्याच वेळी लिहून घ्या. दवाखान्याची घाई उठल्यावर हीच गोष्ट नडते. सही जमेनाशीच झाली तर अंगठा चालतो. तो दोन साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी लागतो. ही रिझर्व्ह बँकेचीच सोय आहे. काउंटरवर नाही म्हणाले तर शाखाधिकाऱ्यांना भेटा.

नॉमिनी लावा. 1 नोव्हेंबर 2025पासून बँक खात्याला चारपर्यंत नावं देता येतात. पण नॉमिनी पैशांचा मालक होत नाही, तो ते वारसांसाठी स्वीकारतो. मुंबईच्या खोलीचा सोसायटीतला नॉमिनीही तसाच. चाकरमानी भावांची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

मुखत्यारपत्र कामाचं आहे, पण त्यावर विसंबू नका. करून देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात तेही संपतं. नेमकी गरज असते तेव्हाच ते हातातून जातं आणि मग पालक नेमून घ्यायला न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून जोडखातं आधी, मुखत्यारपत्र नंतर.

आता जमीन. इथे घाई करू नका, कारण महाड-पोलादपूरकडे सातबारा बरेचदा अजून आजोबांच्या नावावर असतो आणि इतर हक्कांत कुणाकुणाची नावं निघतात. सातबारा आणि आठ-अ काढा, सगळे फेरफार वाचा, आजोबांची वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या. आत्यांची, बहिणींची नावं गाळू नका. 2005च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली तो पक्का केला. अशा जमिनीतला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. स्वतः घेतलेली शेती किंवा खोली असेल तर ती पूर्ण.

मृत्युपत्र साध्या मराठीत, गट नंबरांसह लिहा. दोन साक्षीदार असे निवडा की ज्यांना त्यातून काही मिळत नाही आणि जे रुग्णापेक्षा वयाने लहान, पण सज्ञान आहेत. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा: रुग्ण शुद्धीत आहे, काय लिहिलंय ते त्याला समजतं. सही बारीक आलीच तर शेजारी अंगठाही घ्या. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी या आजारात ती करावीच, असं माझं मत. पायऱ्या चढवत नसतील तर अर्ज केल्यावर दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात.

बक्षीसपत्राचा मोह होतो, कारण राहतं घर किंवा शेती मुलांना द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपये (अधिभार वेगळा). पण हयातीत हात रिकामे करू नका. दिलंच तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात हवेत. मग 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23खाली प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे दस्त रद्द करून मागता येतो.

पार्किन्सन 2016च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत आहे. यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. जुन्या करप्रणालीत असाल तर न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर उपचारखर्चाची वजावट ज्येष्ठांना 1 लाखापर्यंत मिळते, मात्र अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त हवं.

मूळ कागद तळमजल्याच्या कपाटात ठेवू नका. 22 जुलै 2021च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत काय झालं ते सांगायला नको. एक संच वरच्या मजल्यावर, एक मुंबईच्या मुलाकडे.

एक गोष्ट घरचे सहसा लाजेने बोलत नाहीत. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोलसारख्या गोळ्यांनी काहींना जुगाराची, खरेदीची अनावर ओढ लागते. हा माणसाच्या स्वभावाचा दोष नव्हे. पासबुकात रोज छोट्या रकमा जाताना दिसल्या तर भांडत बसू नका. यूपीआयची मर्यादा कमी करून घ्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते मात्रा बदलतात. गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका.