ब्लॅकबर्न गावाचे मानचिन्ह

आपल्या देशाचे राजचिन्ह आपण सर्वांनी पाहिले आहे. नाण्यावर व नोटेवर ते असते. इंग्लंडात गावांनासुद्धा अशी चिन्हे असतात. त्यांना मानचिन्ह म्हणतात. ते ढालीवर काढतात, कारण पूर्वी लढाईत सरदार लोक आपल्या ढालीवर ओळखीची खूण काढत असत.

गुरुजींनी आम्हांला ब्लॅकबर्न या गावाच्या मानचिन्हाचे चित्र दाखवले. हे गाव इंग्लंडातील लँकेशायर भागात आहे. तेथे कापडाच्या खूप गिरण्या होत्या. १८५१ साली तेथे नगरपालिका झाली व १८५२ साली हे मानचिन्ह मिळाले.

चित्रातील खुणांचे अर्थ असे आहेत :

१) ढाल रुपेरी आहे. मधोमध काळा नागमोडी पट्टा आहे. ती तेथील ब्लेकवॉटर नदी.

२) तीन उडणाऱ्या मधमाश्या आहेत. मधमाशी म्हणजे कौशल्य आणि कष्ट. ती कधी रिकामी बसत नाही.

३) वरच्या हिरव्या पट्टीत एक शिंग आहे. पहिल्या नगराध्यक्षांचे नाव हॉर्नबी होते. इंग्रजीत हॉर्न म्हणजे शिंग.

४) शिंगाच्या दोन बाजूंना शंकरपाळ्यासारखे दोन लांबट सोनेरी आकार आहेत. ती सूत कातायच्या चातीची खूण आहे.

५) ढालीच्या वर एक कबुतर आहे. त्याच्या चोचीत सूत व ऑलिव्हची डहाळी आहे. ऑलिव्हची डहाळी म्हणजे शांतता.

६) खाली लॅटिन भाषेत ब्रीदवाक्य आहे. त्याचा अर्थ, कौशल्याने व श्रमाने.

कबुतर कशावर उभे आहे ते मला कळेना. होडीच वाटली. घरी आजोबांना चित्र दाखवले. ते विणकर आहेत. ते लगेच म्हणाले, "अगं, हा तर आपला धोटा!" खरेच तो धोटा आहे. त्यातलेच सूत कबुतराच्या चोचीत आहे.

मग आजोबांनी पुढचे सांगितले. इंग्रजांच्या राज्यात ब्लॅकबर्नच्या गिरण्या आपल्या देशासाठी धोतरे विणत व बोटीने इकडे पाठवत. ते कापड स्वस्त पडे. त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ विणकरांचे माग बंद पडले. म्हणून गांधीजींनी लोकांना खादी वापरायला सांगितले. मग तिकडच्या मजुरांचे काम कमी झाले. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी ब्लॅकबर्नजवळच्या डार्वेन गावी त्या मजुरांना भेटायला गेले. आपल्या लोकांची गरिबी त्यांनी समजावून सांगितली. मजुरांनी रागावण्याऐवजी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हसत उभ्या आहेत, असा फोटो प्रसिद्ध आहे.

आता तेथीलही बहुतेक कापडगिरण्या बंद झाल्या आहेत. पण मानचिन्हातला धोटा तसाच आहे.

मला वाटते, मधमाश्या दोन्हीकडे होत्या. तिकडचा मजूर कष्टाळू होता, आपला विणकरही कष्टाळू होता. नुसते कष्ट करून भागत नाही, कष्टाला कामही मिळाले पाहिजे. कबुतराच्या चोचीत सूत आणि शांतता दोन्ही आहेत, ते मला फार आवडले.

मित्रांनो, आपल्या गावाचे मानचिन्ह काढायचे झाले तर तुम्ही त्यात काय काढाल? भित्तिपत्रक बघायला आलेल्या आईवडिलांनीही सांगावे. मी धोटा काढीन.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी