कानाचं मशीन: गोंगाटातून बोलणं ऐकायला किती पैसे?

"ऐकू येतं रे, पण कळत नाही." माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यात मिलशेजारी उमेदीची वर्षं काढलेल्या माणसांच्या तोंडी साठीनंतर हे वाक्य हमखास येतं. मग पोरं त्यांना कानाच्या मशीनसाठी बारामतीला घेऊन जातात. तिथे एका कानाच्या किमती साधारण १० हजारांपासून थेट दोन-अडीच लाखांपर्यंत ऐकायला मिळतात. एवढ्या फरकातला मोठा वाटा गोंगाट हटवण्याचा असतो, म्हणून पैसे मोजण्याआधी तो हटतो कसा हे समजून घ्या.

डिजिटल मशीनमधली चिप आलेल्या आवाजाचे पट्टे, म्हणजे चॅनेल, पाडते. पंखा, पाण्याची मोटर, पिठाची गिरणी यांचा आवाज एकसुरी असतो, बोलणं मात्र सतत चढतं-उतरतं. ज्या पट्ट्यात एकसुरी घरघर जास्त, तो पट्टा चिप दाबते. त्याने कानाला आराम पडतो, पण समोरच्याचे शब्द त्यामुळे फारसे स्पष्ट होत नाहीत. लग्नाच्या कार्यालयात तर गोंगाट म्हणजे दुसऱ्यांचं बोलणंच, तिथे साध्या चिपचं काही चालत नाही. तिथे कामाला येतात दोन माइक, म्हणजेच डायरेक्शनल माइक: समोरचं उचलायचं, मागचं कमी करायचं. तेव्हा "किती चॅनेल?" यापेक्षा "डायरेक्शनल माइक आहे का?" हे आधी विचारा. साधारण २० ते ४० हजारांत, एका कानाला, असं मशीन मिळू शकतं आणि बहुतेक घरांना तेवढं पुरतं. लाखांच्या मशीनमध्ये गोंगाट जास्त हुशारीने वेगळा होतो, हे खरं. पण सेटिंग नीट बसवलं नाही, तर तेही पैसे वाया जातात.

ऑनलाइन हजार-दोन हजारांत येतं ते नुसतं आवाज वाढवणारं यंत्र. ते बोलण्याबरोबर मोटरही वाढवतं. घेऊ नका.

सुरुवात बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात करा. तिथे कान तपासला की कधी कधी नुसता मळच निघतो! श्रवणचाचणीचा आलेख हातात ठेवा. खासगीत या चाचणीला काहीशे रुपये पडतात.

वरखर्चही धरा. ३१२ नंबरचा सेल आठवडाभर चालतो. दोन कानांना वर्षाला शंभरेक सेल लागतात, म्हणजे साधारण तीन-साडेतीन हजार रुपये. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावलेला दिसला तर हरकत घ्या. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच ३,००० रुपयांची तरतूद आहे. तेवढ्यात चांगलं मशीन येत नाही. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर प्रमाणपत्र काढून केंद्राच्या ॲडिप योजनेची चौकशी करा.

शेवटी एकच आग्रह. दुकानाच्या शांत खोलीत ऐकून पैसे देऊ नका. चार दिवस मशीन घरी न्या, एसटी स्टँडवर, गिरणीत, नातवंडांच्या गलक्यात वापरून बघा. जो विक्रेता हे करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.