नावे घेऊन निघालेल्या सायकली

मे महिना आला, की अमेरिकेत पोलिसांची एक मोठी सायकलफेरी निघते. तिचे नाव ‘पोलीस युनिटी टूर’, म्हणजे पोलिसांच्या एकजुटीची फेरी. ती कशासाठी निघते, ते आज वाचू.

न्यू जर्सी राज्यात फ्लोरहॅम पार्क नावाचे लहानसे गाव आहे. तिथे पॅट्रिक मॉन्टुओरी हे पोलिसात होते. कामावर असताना जे पोलीस मेले, त्यांची लोकांना आठवण राहावी, असे त्यांच्या मनात आले. १९९७ साली मे महिन्यात अठराजण सायकलींवर बसले आणि थेट राजधानी वॉशिंग्टनला निघाले. वाट सुमारे ३०० मैलांची. चार दिवस लागले. त्या फेरीत १८ हजार डॉलर देणगी जमली.

तुम्ही म्हणाल, अहो, त्या देशात घरोघरी मोटारी. मग सायकल कशाला? आता बघा, पंढरपूरला एस.टी. जाते, तरी वारकरी पायीच जातो ना! अंग झिजवून केलेल्या गोष्टीची किंमत निराळी. शिवाय तीनशे मैल सायकल हाणणारा माणूस देणगी मागायला आला, तर त्याला नाही म्हणणे जड जाते. पुढे हे स्वार दोन हजारांच्या वर गेले.

या स्वारांच्या मनगटावर एक पट्टी असते. तिच्यावर मेलेल्या एका पोलिसाचे नाव असते. चढ आला, पाय भरून आले, तरी ते नाव डोळ्यांसमोर राहते. पुष्कळ स्वार फेरी संपल्यावर ती पट्टी त्या पोलिसाच्या बायकोला, आईला नाही तर मुलाला नेऊन देतात. त्या घरच्यांना काय वाटत असेल, ते मी काय लिहू!

फेरी वॉशिंग्टनला पोलिसांच्या स्मारकापाशी संपते. हे स्मारक १९९१ साली खुले झाले. फेरीच्या देणगीचा पैसा या स्मारकासाठी आणि तिथल्या पोलीस संग्रहालयासाठी जातो. स्मारकाला संगमरवराच्या दोन लांब भिंती आहेत. त्यांवर वीस हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. सगळेच काही गोळी लागून मेले नाहीत. रस्त्यावर काम करताना गाडीखाली सापडलेलेही त्यांत पुष्कळ आहेत. कामावर मेला तो मेला. भिंत दोघांत फरक करीत नाही, आणि ते योग्यच आहे.

आपल्याकडेही असा दिवस आहे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात आपले दहा पोलीस जवान पडले. म्हणून दरवर्षी त्या तारखेला पोलीस स्मृतिदिन पाळतात आणि वर्षभरात पडलेल्यांची नावे मोठ्याने वाचतात. २०१८ साली त्याच दिवशी दिल्लीत राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे झाले.

वॉशिंग्टनच्या भिंतीवरची नावे अक्षरांच्या क्रमाने नाहीत, की सालांच्या क्रमानेही नाहीत. त्यामुळे आपले माणूस आधी यादीत शोधावे लागते. ते सापडले, की घरचे लोक त्या नावावर कागद धरतात आणि वरून पेन्सिल घासतात. खालची अक्षरे हळूहळू कागदावर उमटतात. तो कागद घडी करून ते घरी नेतात.