लुप्त ध्वनी आणि त्यांच्या खुणा : तिबेटी-ब्रह्मी भाषांच्या निमित्ताने

भिलाईत भाषेचा अभ्यास शिकवणाऱ्यास उदाहरणांसाठी दूर जावे लागत नाही. १९५९ साली येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि छत्तीसगढीच्या या मुलखात मराठी, तेलुगू, बंगाली, पंजाबी अशा भाषा शेजारी येऊन वसल्या. तिबेटी-ब्रह्मी कुल मात्र ईशान्येकडील डोंगरांतला विषय म्हणून आपण बाजूला ठेवतो. वस्तुतः सरगुजा जिल्ह्यातील मैनपाट येथे १९६२-६३ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. भिलाईहून पश्चिमेस निघालेली गाडी राजनांदगाव, डोंगरगड ओलांडून महाराष्ट्रात शिरते. तेथे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ, १९७२ पासून दुसरी वसाहत आहे. म्हणजे हे भाषाकुल मराठीच्या उंबरठ्याच्या आतच आहे. त्याच्या ध्वनिव्यवस्थेतील एका प्रवृत्तीचा येथे विचार करावयाचा आहे : शब्दातला ध्वनी लुप्त झाला तरी तो बहुधा मागे खूण ठेवून जातो.

प्रथम या कुलाच्या नात्याचा पुरावा पाहू. 'तीन' या अर्थाचा शब्द तिबेटी लेखनात 'ग्सुम्' असा आहे. मणिपुरीत तो 'अहुम', मिझोत 'पथुम', बोडोत 'थाम' होतो. ब्रह्मी लेखनात 'सुम्' असे अक्षर दिसते. उच्चारात मात्र स-च्या जागी दातांशी जीभ लावून केलेला घर्षक येतो. शब्दांचे बाह्य साम्य फसवे असू शकते. पण या शब्दात जेथे एकीकडे स, तेथे दुसरीकडे ह आणि तिसरीकडे थ, ही संगती इतर शब्दांतही आढळू लागली म्हणजे तिला योगायोग म्हणता येत नाही. भाषांचे नाते सिद्ध होते ते अशा नियमित भेदांवरून.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तिबेटी लिपी इसवी सनाच्या सातव्या शतकात भारतीय लिपीवरून घडली. परंपरा तिचे श्रेय थोन्मी संभोटास देते. लेखन जुनेच राहिले, उच्चार पुढे गेला. 'आठ' या अर्थाचा शब्द ब, र, ग, य, द अशा पाच वर्णांनी लिहिला जातो. लडाखात तो 'र्ग्यत्' असा ऐकू येतो, तर ल्हासाच्या बोलीत केवळ 'ग्ये' उरतो. एवढे वर्ण गळाल्यावर शब्दाशब्दांत घोटाळा का होत नाही? उत्तर सुरात आहे. 'स' म्हणजे माती आणि 'झ' (मराठी 'झाड'मधल्यासारखा, पण महाप्राणविरहित) म्हणजे खाणे. ल्हासात दुसऱ्या शब्दातील आद्य व्यंजनाचा घोष गेला. दोन्ही शब्दांत स ऐकू येतो. परंतु पहिला उच्च सुरात आणि दुसरा नीच सुरात उच्चारला जातो. तसेच 'ङ' म्हणजे मी आणि 'ल्ङ' म्हणजे पाच. ल गळाला, पण 'पाच'चा सूर उंच राहिला, 'मी'चा खाली. गेलेल्या व्यंजनाचे काम सुराने पत्करले.

हा प्रकार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. भिलाईत ऐकू येणाऱ्या पंजाबीत 'घोडा' या शब्दाचा घ मराठी कानास क-सारखा लागतो. त्याला 'कोडा' म्हणजे चाबूक यापासून वेगळे ठेवतो तो नीच सूर. मराठीत सूर नाही, पण न्याय तोच आहे. संस्कृत 'काल'चे मराठीत 'काळ' झाले. 'कल्य'चे प्राकृतात 'कल्ल' आणि मराठीत 'काल' झाले. एकेरी ल-चा ळ झाला, दुहेरी ल एकेरी होऊन ल-च राहिला. द्वित्व नाहीसे झाले, पण त्याची आठवण ल आणि ळ यांच्या भेदात टिकली. विदर्भातील बोलीत 'डोळा'चा 'डोया' होतो. तेथेही तो ल-शी मिसळत नाही.

लिपीच्या बाबतीत तर तिबेटीने मराठीहून अधिक दक्षता दाखवली आहे. 'चंद्र' व 'चाक' यांतील च भिन्न आहेत. 'जरा' म्हणजे वार्धक्य आणि 'जरा' म्हणजे थोडेसे, यांतील ज भिन्न आहेत. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो. तिबेटी लिपीकारांनी च, छ, ज या अक्षरांस एक लहानशी रेघ जोडून दंततालव्य वर्णांसाठी वेगळी अक्षरे केली. विशेष हे की संस्कृत शब्द लिहिताना ते ही रेघेची अक्षरेच योजतात. 'वज्र'मधील ज त्यांच्याकडे आपल्या 'जरासा'मधल्या ज-सारखा लिहिला जातो. त्यांना ज्या भारतीय मुखांतून संस्कृत ऐकू आले, त्या उच्चाराची ही साक्ष असावी.

साहित्याच्या अभ्यासकास याचे काय, असा प्रश्न येईल. तिबेटी पद्य चरणातील अक्षरसंख्येवर चालते. सात वा नऊ अक्षरांचे चरण विशेष आढळतात. शब्दारंभीचा जोडवर्ण गळाला तरी अक्षर राहते, म्हणून उच्चार पालटूनही जुना चरण मोजणीत उतरतो. मराठीत शब्दान्तीचा अ बोलण्यातून गेला आणि त्याबरोबर एक अक्षरच गेले. अभंगाचा चरण मोजताना तो परत द्यावा लागतो. गाणारा तो देतोही. ध्वनिपरिवर्तनाचा हिशेब न ठेवणारा वाचक जुन्या कवीच्या पदरी छंदोभंगाचा दोष बांधून मोकळा होतो.

मूळ संस्कृत रूपात नष्ट झालेले कित्येक भारतीय ग्रंथ आज तिबेटी भाषांतरांतच वाचावयास मिळतात. तेव्हा भारतीय वाङ्मयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने या कुलाकडे पाठ फिरवणे म्हणजे स्वतःच्या घरातील कागदपत्रे न वाचणे होय. ते वाचताना अनुच्चारित अक्षर निरर्थक मानू नये. ते पूर्वी कोणाच्या तरी मुखात होते, आणि त्याची खूण बहुधा शेजारच्या ध्वनीत सापडते.