जनरेटरचे छप्पर आणि खोळ

बंगळुरूत मे महिन्यात वळीव सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत पाऊस पाठ सोडत नाही. वीज गेली की दुकानांत, घरांत छोटा पेट्रोल जनरेटर बाहेर निघतो. यंत्र भिजले तर विजेचा धक्का बसू शकतो, म्हणून कोणी त्यावर प्लास्टिक टाकतो, कोणी ते गॅरेजमध्ये किंवा जिन्याखाली ओढतो. हे दोन्ही उपाय पावसापेक्षा घातक आहेत.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० पट अधिक ओढीने त्याला धरते, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन कमी पडतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि झोपेतला माणूस उठतच नाही. गॅरेजचे दार उघडे ठेवले तरी हा धोका टळत नाही.

म्हणून नियम सोपा आहे: चालू यंत्राला छप्पर, बंद यंत्राला खोळ. कोकणात भातलावणी करताना डोक्यावर इरले घेतात. ते डोके आणि पाठ झाकते, पण समोरून मोकळे असते. आपले छप्परही तसेच हवे.

छप्पर असे करावे:

१. जागा घराच्या दारा-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर घ्यावी. धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला ठेवावे.

२. पाणी साचू नये म्हणून विटांचा १५ सेंटिमीटर उंच, सपाट ओटा करावा.

३. चार लोखंडी खांब पक्के रोवून वर पत्रा बसवावा. एक बाजू २० सेंटिमीटर खाली ठेवावी. ज्या दिशेने पावसाची झड येते, त्या दिशेला उतार द्यावा.

४. चारही बाजू उघड्या ठेवाव्यात आणि यंत्राभोवती १ मीटर जागा मोकळी सोडावी. सायलेन्सर खूप तापतो, म्हणून जवळ प्लास्टिक, कापड किंवा लाकूड नको.

वाऱ्याने पाणी आत येऊ लागले, तर जनरेटर बंद करावा. तासभर अंधार सोसता येतो.

आता खोळीचे गणित. समजा यंत्र ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ५० उंच आहे. खालून हवा खेळावी म्हणून खोळ जमिनीपासून १० सेंटिमीटर वर थांबवायची. म्हणजे प्रत्येक बाजूला कापड ४० सेंटिमीटर खाली येईल. लांबी ६० + ४० + ४० = १४० आणि रुंदी ४५ + ४० + ४० = १२५. शिवणीसाठी प्रत्येक कडेला ५ सेंटिमीटर धरले, तर ताडपत्री १५० × १३५ सेंटिमीटर कापावी. कोपरे दुमडून शिवावेत आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला दोरी ओवावी.

ओली रायफल पुसल्याशिवाय खोळीत घालायची नाही, हे आपण कॅडेट जाणतो. इथेही तेच. यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे, कोरडे पुसावे, पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि मगच खोळ चढवावी. सुरू करण्याआधी खोळ पूर्ण काढून बाजूला ठेवावी.

मित्रांनो, सुट्टीत घरी गेलात की आपला किंवा शेजाऱ्यांचा जनरेटर कुठे चालतो, ते आधी पाहा. तो जिन्याखाली असेल, तर त्याच दिवशी मोठ्यांना सांगून बाहेर काढायला लावा. छप्पर नंतरही बांधता येईल.