तक्तपोशी आणि सागवानी फर्निचर घासताना : धूळ व वाफ यांपासून संरक्षण

अंधेरीच्या मरोळ, आंबोली यांसारख्या गावठाणांतील जुन्या दुमजली घरांत माडीची जमीन अनेकदा तक्तपोशीची, म्हणजे तुळयांवर ठोकलेल्या लाकडी फळ्यांची असते, तर जवळच ओशिवऱ्याच्या बाजारात जुने सागवानी फर्निचर पुन्हा नवे करून विकले जाते. दोन्ही ठिकाणी जुना थर खरवडणे, लाकूड पॉलिश पेपरने घासणे, त्याला रंग देणे आणि वर पॉलिश चढवणे हाच कामाचा क्रम असतो. या क्रमात शरीराला दोन निरनिराळे धोके संभवतात : घासताना उडणारी धूळ आणि पॉलिश वाळताना निघणारी वाफ. एकापासून वाचवणारे साधन दुसऱ्यापुढे निरुपयोगी ठरते, ही गोष्ट काम सुरू होण्यापूर्वीच ध्यानात घेतली पाहिजे.

यंत्राने घासलेल्या लाकडाच्या धुळीतील जाड कण नाकात अडकतात, परंतु सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर पोहोचतात आणि दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढवतात. सागवान व शिसव यांतील काही नैसर्गिक द्रव्यांमुळे ॲलर्जी होऊन मनगट, मान आणि पापण्यांवर खाज व पुरळ उठू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांत केली. हा कर्करोग मुख्यतः नाकाच्या पोकळीत आणि सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांमध्ये होतो. तो वर्षानुवर्षे धुळीत राबणाऱ्यांत आढळत असल्याने घरात एकदा काम निघाले म्हणून कुटुंबाने घाबरू नये, मात्र रोज हेच काम करणाऱ्या कारागिराच्या बाबतीत हयगय करू नये.

जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा भारतातील नियम २०१६ साली अधिसूचित होऊन पुढील वर्षी लागू झाला, त्यामुळे त्याआधीचा रंग कोरडा घासू नये, तो ओला करूनच काढावा. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते, म्हणून मुले व गर्भवती यांनी काम संपून सफाई होईपर्यंत अन्यत्र राहावे.

वाफेचे स्वरूप पॉलिशनुसार बदलते. थिनरमधील टोल्युइनसारख्या द्रव्यांनी डोके दुखते व चक्कर येते, मेलामाइन पॉलिशमधून डोळे झोंबवणारे फॉर्माल्डिहाइड निघते, तर दोन घटक मिसळून वापरल्या जाणाऱ्या पीयू पॉलिशच्या हार्डनरमधील आयसोसायनेट दमा जडवू शकते आणि तो एकदा जडला की अत्यल्प वाफेनेही उसळतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले चपड्याचे पॉलिश तुलनेने सौम्य असले, तरी स्पिरिट चटकन पेट घेते, हे विसरू नये.

धुळीसाठी नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क पुरतो, परंतु तो वाफ अडवत नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे काडतूस बसवलेला मास्क आणि समोरासमोरच्या उघड्या खिडक्या आवश्यक असतात. पावसाळी दमट हवेत पॉलिश वाळण्यास वेळ लागतो आणि खिडक्याही बंद ठेवाव्या लागतात, म्हणून गणपतीच्या तोंडावर घाई न करता पाऊस सरल्यावर काम काढावे व वास पूर्ण जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नये. साचलेली धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या आपोआप तापून पेटू शकतात, त्यामुळे त्यांचा ढीग न करता त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

श्वास लागणे वा छातीत घरघर सुरू झाल्यास काम तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. एकच नाकपुडी सतत चोंदत असेल किंवा तिच्यातून वारंवार रक्त येत असेल, तर कारागिराने कूपर किंवा राजावाडीसारख्या महापालिका रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात तपासणी करून घ्यावी व आपला व्यवसाय आवर्जून सांगावा, कारण निदानाची दिशा त्यावरून ठरते. ज्यांच्या घरी हे काम चालते त्यांनी मजुरी ठरवतानाच दोन्ही मास्कचा खर्च स्वतःकडे घ्यावा, कारण सर्वाधिक धूळ आणि वाफ कारागिराच्याच श्वासात जाते.