कांदा लाल कसा करावा?



आज मी आपल्या भित्तिपत्रकात लाल कांद्याच्या दाट कालवणाची माहिती देणार आहे. लाल कांदा म्हणजे लाल सालीचा कांदा नव्हे. कढईत मंद जाळावर परतून परतून तांबूस केलेला कांदा, तो लाल कांदा. घरात भाजी नसली, डाळ संपली, तरी चार कांदे असतातच. तेवढ्यावर चार माणसांचे कालवण होते.

तुम्ही म्हणाल, कांदा परतायला काय शिकायचं? मलाही तसेच वाटायचे. पण मागच्या वर्षी माझ्या हातून अर्धा किलो कांदा जळाला. तेव्हा कळले की यातही शिकण्यासारखे आहे.

माझी चूक

आपल्या धारूर तालुक्यातली पुष्कळ माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. काही मुले त्यांच्याबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांजवळ राहतात. मी आणि माझी धाकटी बहीण आजीजवळ राहतो. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिला भाकरी थापता येते, पण कढईतला रंग नीट दिसत नाही. म्हणून कालवण करायचे काम माझ्याकडे आले.

पहिल्या दिवशी मला शाळेचा अभ्यास उरकायचा होता. लवकर व्हावे म्हणून मी चुलीत दोन लाकडे जास्त सारली. कांदा चर्रर्र वाजला. पाच मिनिटांत कडा काळ्या झाल्या. मला वाटले, झाला लाल! आजी तिकडून ओरडली, "लेका, कांदा जळायलाय! जाळ वढ मागं!" मी लाकडे ओढली, पण उशीर झाला होता. कांदा बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहिला. मी त्यात पाणी घातले, गूळसुद्धा घातला. कडूपणा काही गेला नाही. बहिणीने एक घास खाल्ला आणि ताट सारले. त्या रात्री ती भाकरी आणि मीठ खाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी आजी चुलीजवळ बसली आणि मला शिकवले. ते आता क्रमाने सांगतो.

साहित्य (चार माणसांसाठी)

मध्यम कांदे ४ ते ५ (सुमारे अर्धा किलो), तेल २ मोठे चमचे, मीठ चवीपुरते, लसणाच्या पाकळ्या ६, हळद पाव चमचा, घरचा काळा मसाला १ चमचा, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट २ मोठे चमचे, गरम पाणी २ ते ३ पेले, असेल तर कोथिंबीर.

कृती

१) कांदे सोलून उभे, पातळ चिरावेत. सगळे काप सारख्या जाडीचे हवेत. जाड-बारीक काप असले तर बारीक जळतात आणि जाड कच्चे राहतात.

२) जाड बुडाची कढई चुलीवर ठेवावी. तेल तापले की कांदा घालावा आणि चिमूटभर मीठ टाकावे. मिठाने कांद्यातले पाणी लवकर सुटते.

३) पाच-सात मिनिटे झाकण ठेवावे. कांदा मऊ पडतो. तोवर जाळ मध्यम चालतो.

४) झाकण काढून जाळ मंद करावा. चूल असेल तर लाकूड मागे ओढून इंगळावर काम करावे. गॅस असेल तर ज्योत बारीक करावी. दर दोन मिनिटांनी उलथण्याने परतावे.

५) तळाला तांबूस खरवड धरू लागली की चमचाभर पाणी शिंपडून ती खरवडून कांद्यात मिसळावी. ती टाकून देऊ नये. चव तिथेच असते. मात्र खरवड काळी होऊ देऊ नये.

६) अशी तीस ते चाळीस मिनिटे गेली की कांदा विटेसारखा तांबूस होतो. मग ठेचलेला लसूण, हळद आणि काळा मसाला घालून एक मिनिट परतावे. लसूण आधी घालू नये, तो लवकर जळतो.

७) शेंगदाण्याचा कूट आणि गरम पाणी घालावे, मीठ पाहावे आणि दहा मिनिटे उकळू द्यावे. दाट कालवण तयार! ज्वारीच्या भाकरीबरोबर कुस्करून खावे.

कालवण अगदी गुळगुळीत हवे असेल तर लाल झालेला कांदा थंड करून पाट्यावर वाटावा, मग पाणी घालावे.

आजीच्या तीन खुणा

आजीला रंग दिसत नाही, तरी तिला कांदा कुठवर आला हे बरोबर कळते. मी विचारले, "आजी, तुला कसं कळतं?" ती म्हणाली, "डोळे मिट. कढई काय म्हनायलीय ते ऐक." मी डोळे मिटून ऐकले. तेव्हा या खुणा समजल्या.

पहिली खूण आवाजाची. सुरुवातीला भरपूर पाणी असते, तेव्हा आवाज मोठा आणि एकसारखा येतो. पाणी आटत जाते तसा आवाज बारीक होतो, मधूनच तडतड होते. आवाज बारीक झाला की तिथून उठायचे नाही.

दुसरी खूण वासाची. आधी कच्चा, उग्र वास येतो. मग शिजल्याचा वास येतो. शेवटी भाजलेल्या शेंगदाण्यासारखा खमंग, गोडसर वास येतो. नाकात बोचणारा धुरकट वास आला तर समजावे, जळायला सुरुवात झाली.

तिसरी खूण उलथण्याची. कच्चा कांदा उलथण्याखाली खळखळतो, सुटा राहतो. लाल झालेला कांदा एकत्र गोळा होऊन येतो.

चौथी खूण रंगाची, ती आपल्याला दिसतेच. आधी पांढरा, मग काचेसारखा, मग सोनेरी, मग तांबूस. तांबूसनंतर थांबायचे.

असे का होते?

हा प्रश्न मी आमच्या गुरुजींना विचारला. त्यांनी सांगितले ते थोडक्यात लिहितो.

कांद्यात मुख्यतः पाणी असते. १०० ग्रॅम कांद्यात सुमारे ८५ ते ९० ग्रॅम पाणी आणि चार-पाच ग्रॅम साखर असते. पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. कढईत पाणी आहे तोवर कांदा त्याहून फारसा तापत नाही, म्हणून तो नुसता शिजतो, लाल होत नाही. पाणी आटले की उष्णता वाढते आणि रंग चढू लागतो. जाळ मोठा केला तर बाहेरचे पाणी झटकन जाते, आतले तसेच राहते. म्हणून कडा जळतात आणि आत कच्चे राहते. माझे पहिल्या दिवशी हेच झाले होते.

रंग आणि खमंगपणा कुठून येतो? कांद्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात. त्यातून तपकिरी रंगाचे आणि खमंग वासाचे नवे पदार्थ तयार होतात. फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. भाकरीवर तव्याचे तांबूस डाग पडतात, शेंगदाणे भाजले की खमंग होतात, तीही हीच क्रिया. शिवाय साखर एकटी तापली तरी तपकिरी होते. कोरड्या कढईत साखर वितळून तांबूस होते, तसे.

कच्चा कांदा तिखट आणि लाल कांदा गोड का? कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात आणि आतले घटक एकत्र येतात. त्यातून एक वायू निघतो, तो डोळ्यांना झोंबतो. हा वायू तयार करणारे खास विकर जपानमधील संशोधकांनी २००२ साली शोधून काढले. उष्णतेने अशी विकरे निकामी होतात आणि तिखट वास उडून जातो. साखर तर कांद्यात आधीपासून असतेच. तिखटपणा गेला, पाणी आटले, की तीच गोडी जिभेला कळते. म्हणून या कालवणात गूळ घालावा लागत नाही.

चार वाट्या चिरलेला कांदा शेवटी एक वाटीसुद्धा उरत नाही. बहिणीला वाटले, मी मधेच खाल्ला! खरे तर पाणी वाफ होऊन गेले होते.

कांदा लाल करण्याची ही युक्ती जगभर आहे. हैदराबादच्या बिर्याणीवर लाल तळलेला कांदा घालतात. फ्रान्समध्ये असाच कांदा लाल करून त्याचे सूप करतात. पण त्यासाठी लोणी लागते. आपल्या कालवणाला दोन चमचे तेल पुरते. तेल कमी असले तर चमचा-चमचा पाणी शिंपडत राहावे. तेल वाढवून काम लवकर होत नाही, त्याला वेळच द्यावा लागतो.

कोणता कांदा घ्यावा?

उन्हाळ्यात काढलेला गावरान कांदा कोरडा असतो आणि चाळीत काही महिने टिकतो. तो लवकर लाल होतो. पावसाळी पोळ कांद्यात पाणी जास्त, तो फार टिकत नाही आणि त्याला परतायला वेळही जास्त लागतो. कोंब आलेला कांदा कोंब काढून वापरता येतो. सडलेला किंवा बुरशी आलेला मात्र घेऊ नये.

काळजी

चुलीजवळ मोठे माणूस असल्याशिवाय लहान मुलांनी हे करू नये. सैल, नायलॉनचे कपडे घालू नयेत. कढईचे कान फडक्याने धरावेत. भाजले तर लगेच गार पाण्याची धार दहा-वीस मिनिटे सोडावी. तूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. जास्त भाजले तर दवाखान्यात जावे.

यंदाची गोष्ट

यंदा आई-बाबा निघायच्या आदल्या दिवशी मी एक किलो कांदा लाल केला. लसूण, पाणी काही घातले नाही. नुसता कांदा, तेल आणि मीठ. पूर्ण कोरडा झाल्यावर थंड करून कोरड्या डब्यात भरला.  असा कांदा जास्त वेळ ठेवू नये. आईला सांगितले, "पोचल्यावर नुसतं गरम पाणी आणि मसाला घाल. कालवण होतं."

फडावर आईला पहाटे तीनला उठून भाकरी करावी लागते. कांदा लाल करायला तिथे चाळीस मिनिटे कुठली? पहिल्या दिवशी तरी तिला ती मिळावीत असे मला वाटले.

ट्रॅक्टर धारूरचा घाट उतरून गेला. दुसऱ्या दिवशी रात्री मुकादमाच्या फोनवरून आई बोलली. आधी विचारले, "बहीण जेवली का?" मी म्हणालो, "जेवली." मग म्हणाली, "डबा खोपीवर पोचल्या पोचल्या संपला. शेजारच्या कोयत्यानंबी खाल्लं. कुणी केलं म्हून विचारायले होते." आजीने फोन घेतला आणि म्हणाली, "माझ्या नातवानं."

मित्रांनो, हे काम फक्त मुलींचे नाही. मुलांनीही शिकावे. आपल्या वर्गात पुष्कळ जणांना चार-सहा महिने आई घरी नसते. त्यांना तर हे यायलाच हवे. करून पाहा. कसे झाले ते मला मधल्या सुटीत सांगा.

स्वाध्याय

१) कांद्याला मीठ आधी का घालतात?
२) कढईत पाणी असेपर्यंत कांदा लाल का होत नाही?
३) मायार क्रिया घडते असे आपल्या घरातले तीन पदार्थ लिहा.
४) घरी मोठ्या माणसांबरोबर कांदा परता. आवाज केव्हा बदलला ते घड्याळ पाहून वहीत लिहा.
५) तुमची आजी किंवा आई कालवण झाले हे कशावरून ओळखते? विचारून या.